पोवळ्यांची दिवेलागण

समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलं की तो फुकटात दिसतो, हवा तेवढा वेळ दिसतो, आणि त्याला वीज लागत नाही. हे म्हणणं माझं नाही, आमच्या सोसायटीचे चेअरमन गंगाराम शेट्ये यांचं आहे. आमच्या हॉलमध्ये खिडकीला लागून काचेची एक टाकी आहे आणि तिच्यात खारं पाणी भरून आम्ही घरगुती समुद्र केला आहे, हे कळल्यापासून ते मला जिन्यात, गच्चीवर आणि एकदा तर एका मयताच्या घरीसुद्धा हेच ऐकवत आले आहेत.

टाकी माझी नव्हे, मुलीची. सानिका कॉलेजात असताना तिने मुंबईच्या एका दुकानातून रीतसर पावती घेऊन पोवळ्यांचा एक तुकडा आणला. लिमलेटच्या गोळीएवढा. आपल्याला पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो. त्याचं आणि यांचं नातं फार लांबचं. ही मऊ जातीची जिवंत पोवळी, म्हणजे दगडाला चिकटलेली बटणं समजा. वर दिवा लागला की बटणं उमलतात, मधोमध हिरवी आणि कडेला नारिंगी झालर. दिवा गेला की मिटतात. सानिकाने त्या गोळीची वाढवत वाढवत पोळीएवढी पथारी केली होती, आणि या जूनमध्ये ती पुढच्या शिक्षणासाठी कोचीला गेली.

टाकी बरोबर नेण्यासारखी नव्हती. चिपळूणचा अजिंक्य, तिचा वर्गमित्र, टाकी घेऊन जायला एका पायावर तयार होता. विमलाचं, म्हणजे माझ्या पत्नीचं, मत अजिंक्यच्या बाजूने पडलं. "तुम्हाला दारातल्या तुळशीला पाणी घालायची आठवण करून द्यावी लागते," असं तिने मुलीसमोर सांगितलं. मी म्हणालो, टाकी इथेच राहील आणि मी सांभाळीन. शेवटी सानिकाने तोड काढली. गणपतीला ती घरी येईल तेव्हा पोवळी ठणठणीत असली तर टाकी राहील, नाहीतर अजिंक्य टेम्पो घेऊन येईल.

मी हा हट्ट का धरला ते सांगून टाकतो. सानिकाचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. पहिल्या रविवारी तो असा आला: "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." मी बरा आहे हे सांगायला एकच शब्द लागतो, तोही पुरा व्हायच्या आत फोन विमलाकडे गेला आणि तिथेच रमला. दुसऱ्या रविवारी मी सहज म्हणालो, "तुझी पोवळी आज जरा उशिरा उमलली गं." झालं. किती उशिरा, सगळी की कडेची, पाण्याचा खारटपणा मोजला का, रंग कसा आहे, जरा फोन टाकीसमोर धरा, नाही असा नाही, आडवा. अर्धा तास ती माझ्याशी बोलत होती आणि विमला शेजारी हात पुढे करून उभी होती. लेकीशी इतकं बोलायला मला इतक्या वर्षांत कधी विषय सापडला नव्हता. तिची शाळा असताना मी मास्तर होतो, कॉलेजात गेल्यावर फी भरणारा. टाकी चिपळूणला गेली असती तर माझा फोन परत त्या एका शब्दावर आला असता. म्हणून टाकी जाता कामा नये, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः उजेड सांभाळायचा. जाताना सानिकाने मला समोर बसवून समजावलं होतं. या पोवळ्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर पोवळी जगतात. उजेड कमी पडला तर उपासमार. जास्त झाला तर ते शेवाळ घर सोडून जातं आणि पोवळी पांढरी पडतात. टाकीवरच्या निळ्या-जांभळ्या दिव्याला एक गोल बटण आहे, ते फिरवून उजेड कमीजास्त करायचा. तिथे तिने नखपॉलिशने खूण केली होती. आणि दिव्याच्या प्लगला टायमर आहे, तो सकाळी अकराला दिवा लावतो आणि संध्याकाळी सातला बंद करतो. "प्रखरता आणि तास, दोन्ही जुळलं पाहिजे बाबा. एक सांभाळून उपयोग नाही."

"मला सांगतेस?" मी म्हणालो. "सव्वीस वर्षं मी वर्गात प्रकाशाचा धडा शिकवतोय."

हे वाक्य मला नंतर बऱ्याच जणांकडून परत ऐकावं लागलं.

सानिका गेली त्याच आठवड्यात पूर्णगडहून तुळसाआत्या आली. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान बोटीवर खलाशी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आत्याचं दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंचं ऑपरेशन रत्नागिरीत एकामागून एक करायचं होतं, म्हणून मुक्काम लांबला. टाकीसमोरचा दिवाण तिला दिला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, तो घालून ती दिवसभर पोवळ्यांसमोर बसायची आणि त्यांच्याशी पूर्णगडच्या माणसांबद्दल बोलायची. पोवळी मिटलेली असली तर म्हणायची, "झोपलीत बिचारी, झोपू देत." मला बरं वाटलं. घरात पोवळ्यांच्या बाजूचं आणखी एक मत झालं.

जुलैच्या मध्याला पोवळी बिघडली. नारिंगी झालर फिकी पडली, बटणं अर्धवट उघडायची आणि दुपार टळायच्या आत मिटून बसायची. मी शास्त्राचा माणूस. कारण शोधलं. पावसाळी हवा, आठ-आठ दिवस ऊन नाही, खिडकीतून यायचा तो उजेड बंद झालेला, तेव्हा उपासमार. मी गोल बटण खुणेच्या पुढे सरकवलं. पोवळी आणखी मिटली. म्हणजे अजून भूक आहे. मी आणखी सरकवलं.

शेट्ये विजेच्या खात्यातून रिटायर झालेले. त्यांना या प्रकाराचा वास लागलाच. ते येऊन टाकीपुढे मागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "व्होल्टेज."

"काय व्होल्टेज?"

"वरखाली होतंय. माणसाला कळत नाही, यंत्राला कळतं. ऑफिसात जाऊन तक्रार द्या. माझं नाव सांगा."

मी शाळेतून हाफ डे काढून गेलो. शेट्यांचं नाव सांगितल्यावर खिडकीतल्या गृहस्थांनी आधी मला नीट न्याहाळलं. मग विचारलं, "दिवा लागतो का?"

"लागतो."

"मध्येच जातो?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"पोवळी उमलत नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आतल्या टेबलावरच्या दुसऱ्या गृहस्थांना हाक मारली. "जरा या इकडे. सर, यांना परत सांगा." मी परत सांगितलं. मग ते दोघे मला साहेबांकडे घेऊन गेले आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला माझं मलाच ते वाक्य विचित्र वाटलं. साहेबांनी पोवळी घरगुती वापरात बसतात की शेतीपूरक व्यवसायात, यावर दोघांचं मत घेतलं. एकमत न झाल्यामुळे तक्रार घेतली गेली नाही. येताना मी स्वतःच्या खिशातून स्टॅबिलायझर विकत घेतला. तो टाकीखाली ठेवला तेव्हापासून रात्रंदिवस गुणगुणत असतो.

गोदूबाई आमच्याकडे दारावर मासे घेऊन येते. पाटी उतरवून ती टाकीत डोकावली. "मास्तर, ह्या मेलाय."

"मेलेलं नाही, मिटलंय."

"माजा जलम मासलीत गेला. मेलेला मला कळतो." तरीही तिने उपाय सांगितला. "घरातला मीठ घालून दर्या व्हतो काय? खरा पानी आना धक्क्यावरना."

हे पाणी साध्या मिठाचं नसतं, त्यासाठी खास मीठ येतं, हे मी तिला सांगितलं. पण माणूस अडला की कुणाचंही ऐकतो. रविवारी सकाळी दोन कॅन घेऊन मांडवीला गेलो. भर पावसातला समुद्र; कॅनमध्ये आला तो चहा. वर आणताना जिन्यात शेट्ये भेटले. त्यांनी कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे शेवटी फुकटचाच आणलात," ते म्हणाले. ते पाणी मी चांगलं बादलीभर टाकीत ओतलं आणि पुढचे कित्येक दिवस पोवळी उघडी आहेत की मिटलेली हेच कळेना.

गढूळपणा बसला तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सोमवारी पोवळी किंचित बरी दिसत. पूर्ण नाही, पण झालर थोडी बाहेर येई. मंगळवारपासून पुन्हा उतरती कळा. एकदा झालं तर योगायोग, पण दर सोमवारी होऊ लागल्यावर कारण शोधलं पाहिजे. रविवारी असं काय घडतं जे इतर दिवशी घडत नाही? सानिकाचा फोन येतो. मी फोन टाकीसमोर आडवा धरतो. आवाज!

यात हसण्यासारखं काही नाही. सगळ्या शक्यता तपासणं ही शास्त्राची रीत आहे. पुढच्या रविवारी मी सानिकाचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी टाकीसमोर लावू लागलो. "बाबा, खारटपणा मोजलात का? बाबा, हात धुऊनच पाण्यात घाला." पोवळी ढिम्म. आत्या मात्र चष्म्याआडून डोळे पुसायची आणि म्हणायची, "पोर कशी काळजी करते." विमला स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज सकाळी ओरडा ऐकून कोण उमलेल?"

मी हार मानली नाही. संध्याकाळी साळवी स्टॉपजवळ माझी दहावीची शिकवणी असते, रविवार सोडून रोज. पूर्वी ती संपली की मी सरळ घरी यायचो. आता मी तिथून माहिती काढायला जाऊ लागलो. मत्स्य महाविद्यालयातले एक ओळखीचे प्राध्यापक, रंगीत मासे विकणारा एक दुकानदार, एक गृहस्थ तर असे की ज्यांच्या मेव्हण्याकडे कधीकाळी कासव होतं. प्रत्येकाकडे तास-दीड तास. घरी यायला नऊ, साडेनऊ, कधी दहा. मी जितका जास्त फिरलो तितकी पोवळी जास्त पांढरी पडत गेली. हे तेव्हा मला नशिबाचं वैर वाटलं.

अशात सोसायटीची सभा आली. पाण्याची टाकी आणि गच्चीची गळती झाल्यावर शेट्ये खाकरले. "भाटकर सरांच्या खिडकीतून रात्री दहा-दहापर्यंत जांभळा उजेड रस्त्यावर पडतो. रिक्षावाले विचारतात, सरांकडे चालतं काय? आपल्या बिल्डिंगची अब्रू आहे."

मी उठून उभा राहिलो. "आमचा दिवा सातला बंद होतो. टायमर आहे."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

"मग माझ्या आत्याबरोबर जा आणि मोतीबिंदू तपासून घ्या."

"चार जणांनी बघितलाय."

"माझं नाव हरिश्चंद्र आहे," मी म्हणालो. हे मी आयुष्यात फार कमी वेळा वापरलेलं आहे. "आईवडिलांनी ठेवलं आणि मी ते पाळलं. मी सांगतो दिवा सातला बंद होतो, म्हणजे सातला बंद होतो." विमला माझ्या बाजूला बसली होती, ती काहीतरी बोलणार होती, पण मी हाताने थांबवलं. तेव्हा थांबवलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्या सभेनंतर कुणीतरी वनखात्याला कळवलं. कुणी ते मी म्हणत नाही. संदेश नावाचे एक वनरक्षक भर पावसात मोटारसायकलवरून आले, रेनकोट दारात निथळत ठेवला आणि विचारलं, "पोवळं बाळगलंय अशी तक्रार आहे. कुठे आहे?"

मी टाकी दाखवली आणि समजावलं. काही जातींची पोवळी बाळगायला बंदी आहे, ही त्यातली नाहीत, ही मऊ जातीची, ही दुकानाची पावती.

"पावती दुकानदाराची झाली सर. मला वस्तू ओळखायला लागेल. फोटो वर पाठवायचाय." ते टाकीला नाक लावून बसले. "उघडा जरा."

"ते आपण उघडायचं नसतं. आपणहून उघडतं."

"कधी?"

"तेच तर मी महिनाभर सगळ्यांना विचारतोय."

त्यांनी मिटलेल्या पांढऱ्या बटणांचा फोटो काढला, स्वतःच बघितला आणि मान हलवली. "ह्यात काहीच कळत नाही. बुरशी आलेल्या दगडासारखं दिसतंय." ते मला लागलं. निघताना त्यांनी बजावलं, "गणपतीच्या आधी उघडून ठेवा, मी येतो. नाही उघडलं तर मला टाकीच न्यावी लागेल, मग ओळख पटवणं आमच्या साहेबांकडे." म्हणजे आता टाकी न्यायला चिपळूणचा टेम्पो आणि सरकारी गाडी अशी दोन वाहनं तयार होती. मी त्या रात्री विमलाला सांगितलं, काही झालं तरी टाकी जाणार नाही. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या."

आणि मग स्कूटर बंद पडली.

शिकवणी सुटली तेव्हा पाऊस धो धो होता. स्कूटरने काही केल्या दाद दिली नाही, म्हणून ती तिथेच ठेवली आणि प्राध्यापकांकडे जायचं रहित करून रिक्षा पकडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी तुंबलं होतं. रिक्षावाल्याने तिथेच उतरवलं आणि पुढे बोट करून म्हणाला, "ती जांभळी बिल्डिंग ना? एवढं चालत जा." मी छत्रीखालून वर बघितलं. आमची खिडकी जांभळी होती. नुसती जांभळी नव्हे, समोरच्या नारळाच्या झावळ्यासुद्धा तिने जांभळ्या केल्या होत्या. शेट्ये बाल्कनीत उभे होते. त्यांनी मला बघितलं, खिडकी बघितली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. आत तुळसाआत्या काळा चष्मा लावून दिवाणावर ताठ बसली होती, हात मांडीवर. तिच्यासमोर मी वाढवून ठेवलेल्या त्या प्रखर उजेडात पोवळी जीव मुठीत धरून मिटली होती.

"आलास?" आत्या म्हणाली. "गाडी वाजली नाय ती." आणि उठून तिने सराईतपणे टायमरवरचं बटण दाबलं. दिवा गेला.

"आत्या, हा दिवा तू लावतेस?"

"मंग? सातच्या ठोक्याला आपोआप जातो तो. बिघडलाय मेला. तू घराभायेर, आनि खिडकीतला दिवा घालवायचा?"

"रोज?"

"रोज कशाला? ऐतवारी तू घरातच असतोस. ऐतवारी जातो तर जाऊ दे म्हनते मी."

मी ओल्या कपड्यांनिशी खुर्चीत बसलो. रविवार संध्याकाळ, सोमवारची झालर, माझी रात्रीची फिरती, साडेनऊ, दहा, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. रोज मी पोवळ्यांसाठी दारोदार हिंडत होतो तेवढा वेळ ती इथे भाजत होती, आणि माझ्या स्कूटरचा आवाज खाली आला की आत्या दिवा घालवून निवांत होत होती. मला अंधाराशिवाय दुसरं काही दिसायची सोयच नव्हती.

"आत्या, अगं हॉलमध्ये ट्यूब आहे ना."

"ती घरातल्यांसाठी. भायेरच्या मानसाला खिडकीतला दिवा लागतो. तुजे काका बोटीवर जायचे तवा ते वाटेला असेपर्यंत खिडकीतला कंदील मी एक दीस घालवला नाय."

मला वाटलं, आता काही दुःखाचं ऐकावं लागणार. मी जपून विचारलं, "आणि काका...?"

"दर खेपेला आले की. शेवटी गेले ते घरात, पंख्याखाली, पेज जेवून. दर्याने केसाला धक्का लावला नाय." आत्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे दिव्याचा गुन नाय काय?"

सव्वीस वर्षं शास्त्र शिकवून मी एवढंच म्हणालो, "मग सानिकासाठी रात्रभर लावायला हवा होतास."

"सानिका पोचलेली हाय. पोचलेल्यासाठी नसतो दिवा. वाटेवरच्यासाठी असतो."

विमला पदराला हात पुसत बाहेर आली. तिला हे सगळं माहीत होतं. "मला वाटलं तुमचाच प्रयोग असेल," ती म्हणाली. "रोज एक नवा असतो. सभेत सांगणार होते, तर हात आडवा केलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेट्यांकडे गेलो. हरिश्चंद्राला दुसरा मार्ग नसतो. सगळं सांगितलं. शेट्ये चांगले वागले. बसा म्हणाले, चहा सांगितला, ऐकताना एकदाही हसले नाहीत. मग आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली. "अगो, बाहेर ये. सर, हिला परत सांगा."

आता प्रश्न पोवळ्यांचा नव्हता, आत्याचा होता. तिला नको म्हणणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तसं म्हणावंसंही वाटेना. माझ्यासाठी कुणी खिडकीत दिवा लावून बसतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. मी तिला खिडकीत ठेवायला छोटा दिवा आणून दिला. ती म्हणाली, याचा उजेड गजापर्यंत पोचत नाही. मोठा आणला, तो शेट्यांच्या बेडरूममध्ये पोचला. शेवटी मी टायमरशीच बसलो. पोवळ्यांना आठ तास पाहिजेत. कुठले आठ याबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. दिवा अकराऐवजी एकला लागेल आणि रात्री नऊला जाईल. गोल बटण परत नखपॉलिशच्या खुणेवर. आणि मी शिकवणी संपली की सरळ घरी, नऊच्या आत.

"नऊला दिवा गेला की तू हात लावायचा नाहीस," मी आत्याला सांगितलं.

"आनि तू आला नायस तर?"

"येईन."

"दर्यावर जानारा पन असाच सांगून जातो."

"आत्या, मी साळवी स्टॉपला जातो."

"गाडीवरनंच ना?" पण तिने मान डोलावली. पोवळ्यांकडे बघून म्हणाली, "माज्यामुळे भाजली ती. दिला शब्द."

मी नऊच्या आत येत राहिलो. प्राध्यापकांना वाटलं मी रागावलो, कासववाल्यांना वाटलं माझी पोवळी गेली. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका संध्याकाळी आत्याने मला दारातच अडवलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. कडेचं एक बटण उघडलं होतं. अगदी थोडं, आणि रंग अजून परतायचा होता, पण उघडलं होतं. मी चपला न काढता टाकीसमोर बसलो. मला रडू आलं, ते मी पावसावर ढकललं.

संदेश परत आले तेव्हा पथारीवर एकही बटण मिटलेलं नव्हतं. शेट्ये ओळख पटवायला साक्षीदार म्हणून हजर होते, गोदूबाई पाटी दारात ठेवून आत आली होती. संदेशनी मोबाइलचा फ्लॅश लावला तेव्हा आत्या म्हणाली, "डोल्यावर उजेड मारू नको रे. आजारातना उठलीत." त्यांनी फ्लॅश बंद केला. फोटो वर गेला, वरून थोड्या वेळाने उत्तर आलं. "आमच्या यादीतलं नाही हे," संदेश म्हणाले आणि तरीही तिथेच उभे राहिले. "सर, याचा एखादा तुकडा लावायला मिळतो का?" शेट्यांनी घसा साफ केला. "आधी माझा नंबर," ते म्हणाले. गोदूबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम होती. हे आधीचं नव्हेच, मास्तरांनी गुपचूप नवीन आणलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सानिका यायची होती. गाडी संध्याकाळी रत्नागिरीला पोचायची, पण पावसाने रखडली. कुडाळला थांबलीय, असा फोन आला. मग राजापूरच्या अलीकडे कुठेतरी रेंज गेली. स्टेशनवर येऊ नका, रिक्षा करून येते, असं तिने बजावलं होतं. मी मखराला दोरा बांधत होतो आणि एकच गाठ तीन वेळा सोडली. अजिंक्यला सकाळी कळवायचं होतं, टाकी न्यायची की नाही. पोवळी छान होती. पण मला आता पोवळ्यांची काळजी वाटत नव्हती. बाहेर पाऊस होता आणि पोर गाडीत होती.

नऊ वाजले. टायमर टक् असा वाजला आणि दिवा गेला. नारिंगी झालरी हळूहळू आत ओढल्या गेल्या.

आत्या दिवाणावर बसली होती. ती हलली नाही. शब्द दिला होता तिने. फक्त मांडीवरचे हात तिने एकमेकांत घट्ट धरले आणि काळोख्या खिडकीकडे बघत राहिली. विमलाही स्वयंपाकघरातून येऊन खिडकीकडे बघत उभी राहिली.

मी मखर सोडून उठलो. टाकीपाशी गेलो आणि टायमरवरचं बटण दाबलं. खिडकी जांभळी झाली, समोरच्या झावळ्याही. शेजारच्या बाल्कनीत शेट्ये होते. त्यांनी बघितलं, हात वर केला आणि आत गेले.

"एका दिवसाने काही होत नाही त्यांना," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

आत्याने उशाकडून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बैठक नीट केली.

बऱ्याच वेळाने खाली रिक्षा थांबली. सानिका बॅग दारातच टाकून, ओल्या केसांनी, आधी टाकीपाशी गेली. वाकून तिने कडेची बटणं बघितली, मधली बघितली, बोटाने काचेवर नवीन फुटलेली मोजली. मग टायमरकडे तिचं लक्ष गेलं.

"बाबा, दिवा अजून चालू कसा? तास कुणी बिघडवले?"

"मी," मी म्हणालो. "तू वाटेवर होतीस."

"मी गाडीत होते. त्याचा दिव्याशी काय संबंध?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत्याकडे, मग परत माझ्याकडे. "अजिंक्यला मी नको म्हणून कळवते," ती म्हणाली. "पण रविवारी फोनवर हे सगळं मला पहिल्यापासून सांगायचं. आईला द्यायच्या आधी." आणि हात पुढे करून तिने दिवा बंद केला.

"आली सगळी घरात," आत्या म्हणाली. तिने चष्मा काढला, घडी घातली आणि डबीत ठेवून दिला.